डेटिंग अ‍ॅप कुठलं घ्यावं? नंतर खिशाला भोक पडणार नाही असं

गोदाकाठचा_भाऊ
बुधवार, रात्री १०:५२

मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

वय ३८, नाशिक. सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. घटस्फोटाला चार वर्षं झाली, मूल नाही. घरी आई, तिने हात टेकलेत. वधूवर मंडळात नाव घातलं होतं. तिथे पहिला प्रश्न "घटस्फोट का झाला" आणि दुसरा "फ्लॅट कुणाच्या नावावर". दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण चहा यायच्या आधी नकोत. म्हटलं आधी ओळख होऊ दे, मग पुढचं.

मार्चमध्ये कंपनीतल्या एका पोराने मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. नाव लिहीत नाही. "१ रुपयात तीन दिवस सगळं खुलं." एक रुपया भरला. तीन दिवसांत सतरा लाइक आले, सगळे धूसर. चेहरे बघायचे तर वरचा प्लॅन घ्या. मला ते काही झेपेना. चौथ्या दिवशी अ‍ॅप काढून टाकलं, विषय संपला असं समजलो. परवा पासबुक भरून आणलं (हो, मी अजून भरून आणतो) तर दर महिन्याला ७९९ रुपये जातायत. पाच महिने झाले. ३,९९५ रुपये, चार दिवस वापरलेल्या अ‍ॅपचे.

तर प्रश्न दोन. हे पैसे परत मिळतील का? आणि भरवशाचं अ‍ॅप कुठलं, जिथे दिसतो तोच आकडा लागतो? फुकट हवं असा हट्ट नाही. पैसे द्यायला ना नाही, किती द्यायचे ते आधी कळू दे.

टिंगल चालेल, पण सोबत उत्तरही द्या.

उंटावरचा_शहाणा
बुधवार, रात्री १०:५६

पहिला प्रतिसाद माझा. चटई अंथरली आहे, दाणे भाजून ठेवलेत. येऊ द्या.

अटकमटक
बुधवार, रात्री ११:०४

तीन दिवसांत सतरा? आमच्या अख्ख्या वर्गाला मिळून चार वर्षांत सतरा मिळाले नव्हते. (हलके घ्या.)

खातेवही
बुधवार, रात्री ११:३१

भाऊ, सहकारी बँकेत एकवीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसतोय. हल्ली आठवड्याला दोन-तीन जण हीच तक्रार घेऊन येतात. अ‍ॅप तेवढं वेगळं: कुणाचं सिनेमाचं, कुणाचं ज्योतिषाचं, कुणाचं तुमच्यासारखं. ज्योतिषवाले जास्त चिडलेले असतात.

एक रुपया भरताना तुम्ही जो पिन टाकलात तो रुपयापुरता नव्हता. तो ऑटोपेच्या मॅन्डेटसाठी होता, म्हणजे "दर महिन्याला माझ्या खात्यातून काढत जा" अशी लेखी चिठ्ठी. अ‍ॅप काढून टाकलंत म्हणजे तुम्ही दुकानाकडे पाठ फिरवलीत, चिठ्ठी गल्ल्यातच राहिली. त्या पिनच्या स्क्रीनवर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: किती रुपयां*पर्यंत*, किती दिवसांनी आणि कोणत्या तारखेपर्यंत. त्यातला "पर्यंत" हा शब्द कुणीच वाचत नाही. रुपया दिसतो आणि बोट पुढे जातं.

यूपीआय ऑटोपे एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) जुलै २०२० मध्ये आणलं. १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता दर वेळी पिन न विचारता कापता येतो. आधी ही मर्यादा ५,००० होती, रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये वाढवली. मात्र कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. म्हणजे तुम्हाला पाच वेळा मेसेज आलेला असणार. शोधा.

आता करायचं काय? ज्या यूपीआय अ‍ॅपने पैसे दिलेत ते उघडा, त्यात ऑटोपे किंवा मॅन्डेट असा भाग आहे, तिथून रद्द करा. त्यासाठी डेटिंगवाल्याची परवानगी लागत नाही. हे वाक्य बँकेच्या भिंतीवर रंगवून घ्यावं असं मला फार वाटतं, मॅनेजर ऐकत नाहीत. आणि पैसे प्ले स्टोअरमार्फत गेले असतील तर तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीतही जाऊन बंद करा. आयफोनवाल्यांनी सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली बघावं.

गोदाकाठचा_भाऊ
गुरुवार, सकाळी ६:४०

खातेवहीसाहेब, दंडवत. झोप लागेना म्हणून रात्रीच शोधलं. मेसेज आहेत, पाचही! पण त्यात अ‍ॅपचं नाव नाही. कसल्याशा "टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड"चं आहे. मी ते कर्जाच्या जाहिराती समजून सोडून देत होतो.

मॅन्डेट सापडला. "२,००० रुपयांपर्यंत, दरमहा", आणि शेवटची तारीख आजपासून तीस वर्षांनंतरची. म्हणजे अडुसष्टाव्या वर्षीही मी शोधतच असेन असा त्यांचा अंदाज दिसतो.

रद्द केला.

तर्कटराव
गुरुवार, सकाळी ९:१५

धागाकर्त्यांचा प्रश्नच चुकीचा आहे. "छुपा खर्च नसलेलं डेटिंग अ‍ॅप" म्हणजे कोरडं पाणी. तुमचं जुळलं की गिऱ्हाईक गेलं, मग त्यांनी तुमचं का जुळवावं? जुळेल-जुळेल असं वाटत राहणं हाच त्यांचा माल.

चिंचपेटी
गुरुवार, सकाळी ११:०२

तर्कटराव, ऐकायला छान आहे पण अर्धंच खरं आहे. कुणाचंच जुळत नाही अशा अ‍ॅपवर बायका दोन महिने थांबत नाहीत, आणि बायका गेल्या की पुरुष कुणाला पैसे देऊन बघणार? त्यामुळे मोठ्या अ‍ॅपना थोडंफार जुळवावंच लागतं. खरा त्रास छोट्या, कुणी नाव न ऐकलेल्या अ‍ॅपचा आहे.

माझी ओळख: ३५, पुणे, अविवाहित, चार वर्षांत पाच अ‍ॅप. तेवढा अनुभव पुरे असावा.

भाऊ, मी एकच कसोटी लावते. जुळल्यावर एकमेकांशी बोलायला पैसे पडतात का? टिंडर, बंबल, हिंज यांच्यावर दोघांनी एकमेकांना पसंत केलं की गप्पा फुकट असतात. पैसे कशाचे, तर जास्त लोकांना लाइक देण्याचे, तुम्हाला कुणी लाइक दिलंय ते बघण्याचे, तुमचा फोटो रांगेत पुढे सरकवण्याचे. ही सगळी चैन आहे, गरज नव्हे. ज्या अ‍ॅपवर आलेला मेसेज *वाचायलाच* पैसे पडतात तिथून चप्पल हातात घेऊन पळा. तिथे मेसेज येत राहण्यात अ‍ॅपचाच फायदा असतो, मग तो मेसेज माणसाने पाठवला की आणखी कुणी, याची चौकशी कोण करणार?

नाण्यांची अ‍ॅपही तशीच. "कॉइन" विकत घ्या आणि मिनिटाच्या हिशेबाने बोला. तिथे पलीकडे बोलणाऱ्या मुलीला बऱ्याचदा मिनिटावर पैसे मिळतात. ते तिचं काम आहे, तिला नावं ठेवत नाही. पण त्याला डेटिंग म्हणू नका. ती तुमच्याशी दीड तास बोलली याचा अर्थ तिला तुम्ही आवडलात असा होत नाही.

आणि सतरा धूसर लाइकांचं: फुकटात राहा, थोडे दिवस थांबा. ज्यांनी तुम्हाला लाइक दिलंय त्यातले काही चेहरे नेहमीच्या रांगेतही समोर येतात. नाहीच आले, तर ते बहुधा चारशे किलोमीटरवरचे होते.

उंटावरचा_शहाणा
गुरुवार, सकाळी ११:१०

चिंचपेटी ताईंना +१. वाचनखूण साठवली. (मित्रासाठी.)

सुखी_जोडपं_०७
गुरुवार, दुपारी १२:२५

नमस्कार मी पण खूप अ‍ॅप वापरले पण मला माझी लाइफ पार्टनर फक्त [संपादित] वर मिळाली. एकदम विश्वासू अ‍ॅप आहे, कोणताही छुपा खर्च नाही. माझा कोड वापरल्यास ५० टक्के सूट [संपादित]

संपादक_मंडळ
गुरुवार, दुपारी १२:४१

वरील सदस्याचं वय आपल्या संस्थळावर एकोणीस मिनिटं आहे. दुवा आणि कोड उडवला आहे. प्रतिसाद मुद्दाम ठेवलाय, जाहिरात कशी दिसते ते नव्या सदस्यांना कळावं म्हणून.

अटकमटक
गुरुवार, दुपारी १२:४४

एकोणीस मिनिटांत लाइफ पार्टनर! भाऊ, हेच घ्या.

जर्सीतला_बंड्या
गुरुवार, दुपारी ३:३०

इकडे पहाटेचे सहा वाजलेत, तरी लिहितोच, विषय जिव्हाळ्याचा आहे.

भारतातच फसवतात असं समजू नका. इथे अमेरिकेत मॅच डॉट कॉम या डेटिंगच्या संकेतस्थळावर २०१९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची बाजू बघणाऱ्या सरकारी खात्याने, खटला भरला. आरोप असा होता की लबाडीचा संशय म्हणून कंपनीने स्वतःच खूण केलेल्या खात्यांवरून आलेल्या मेसेजच्या जाहिराती ती फुकट्या सदस्यांना धाडायची, "कुणीतरी तुमच्यावर लुब्ध आहे" छापाच्या. माणूस पैसे भरून उघडून बघतो तर पलीकडे भामटा. शिवाय "सहा महिन्यांत कुणी भेटलं नाही तर पुढचे सहा महिने फुकट" ही हमी, जिच्या अटी नीट सांगितल्याच नव्हत्या, आणि बंद करायची वाट भुलभुलैयाची. २०२५ मध्ये कंपनीने १ कोटी ४० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. सहा वर्षं लागली.

वयाचीही गंमत ऐका. टिंडर प्लस, म्हणजे टिंडरचा पैसे भरून घ्यायचा प्लॅन, इथे एके काळी तिशीच्या आतल्यांना महिना ९.९९ किंवा १४.९९ डॉलर होतं आणि तिशीनंतर १९.९९. कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने २०१८ मध्ये म्हटलं की असा भेद तिथल्या कायद्यात बसत नाही. म्हणजे भाऊ, तुमच्या कंपनीतल्या पोराने "मला तर अमुकच पडले" असं सांगितलं तर त्यावर जाऊ नका. त्याचा आकडा वेगळा, तुमचा वेगळा असू शकतो.

आणखी एक, बाहेर पडण्याचं भाडं. विवाहबाह्य भानगडींसाठीचं अ‍ॅशली मॅडिसन माहीत असेल. ते आपली सगळी माहिती "पूर्ण पुसून टाकण्याचे" १९ डॉलर वेगळे घ्यायचे. २०१५ मध्ये त्यांचा डेटा फुटला आणि कळलं की १९ डॉलर भरलेल्यांची माहितीसुद्धा काही प्रमाणात तशीच पडून होती. त्या मंडळींबद्दल मला फार कणव नाही, पण पुसायचे पैसे घेऊन न पुसणं म्हणजे अगदीच.

खातेवही
गुरुवार, सायंकाळी ५:०५

बंड्याशेठ, आपल्याकडेही कागदावर बरंच काही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला "डार्क पॅटर्न"विरुद्ध, म्हणजे गिऱ्हाइकाला गंडवणाऱ्या स्क्रीनच्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेरा प्रकार नावानिशी दिलेत. भाऊंचा प्रकार त्यात अगदी फोटोसारखा बसतो: सबस्क्रिप्शनचा सापळा, आत यायला दार आणि बाहेर जायला खिडकीसुद्धा नाही. "ऑफर संपायला ०४:५९ मिनिटं" हेही त्या यादीत आहे, खोटी घाई म्हणून. पहिल्या स्क्रीनवर एक किंमत आणि शेवटच्या स्क्रीनवर जीएसटी धरून दुसरी, तेही आहे.

भाऊ, क्रम असा ठेवा. आधी अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल. त्याचं नाव आणि पत्ता जाहीर करणं २०२१ च्या आयटी नियमांनी बंधनकारक आहे, गोपनीयतेच्या पानाच्या तळाशी सापडतं. मेलमध्ये रडगाणं नको: तारखा, रकमा, व्यवहार क्रमांक आणि "मार्चनंतर मी एकदाही लॉगिन केलेलं नाही, तुमच्या नोंदी तपासा" एवढंच. उत्तर नाही आलं तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तरीही नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी कुठलीही असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. कंपन्यांना हे माहीत असतं, म्हणून बहुतेकदा १९१५ वरच काम होतं.

१९१५ आणि १९३० यांत गल्लत करू नका. १९३० सायबर फसवणुकीसाठी, म्हणजे कुणी सोंग घेऊन लुबाडलं तर, आणि तिथे जितक्या लवकर फोन तितकं बरं. तुमचा मामला फसवणुकीपेक्षा लबाडीचा आहे.

मोहाचं_फूल
गुरुवार, रात्री ८:४८

भाऊ, तुमी तरी नाशिकले आहा. मी यवतमाळ जिल्ह्यातला. अ‍ॅप उघडलं का पहिलंच माणूस दिसते ते ९० किलोमीटरवर नागपुरात, दुसरं अमरावतीले, आन् तिसरा आमच्याच गावचा बंटी, पोरीचा फोटो लावून बसलेला. त्याच्या घरची चादर ओळखली मी मागं.

आता ते अ‍ॅप म्हणते, पैसे दे, तुले जास्त लोकं दाखवतो. काहून दाखवशीन बे, हायेतच कुठं? पैसे भरले का अंतर वाढवून देते, ३०० किलोमीटरवरची दिसते. ते काय मले भेटाले एसटीनं येते?

पैसे भरून माणसं तयार होत नाहीत, हे समजाले मले ६०० रुपये लागले. शेतकऱ्याचं तर ऑनलाइन-ऑफलाइन दोन्हीकडं सारखंच. २०२२ च्या डिसेंबरात सोलापूरले पोरायनं नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता, बायको पाहून द्या म्हनून. लोकं हसले. मले नाही हसू आलं.

आन् त्यातूनच ते एजंट निपजले. दीड-दोन लाख घेतात, लग्न लावून देतात, पंधरा दिवसात नवरी दागिन्यासगट गायब. त्याच्यापुढं तुमचे ७९९ बरे, भाऊ.

चिंचपेटी
गुरुवार, रात्री ९:२०

मोहाचं फूल, चादरीवर हसले आणि पुढचं वाचून गप्प झाले.

तुम्ही म्हणालात ते भाऊंनी नक्की घ्यावं. पैसे भरण्याआधी फुकट खात्यावर एक आठवडा फक्त मोजायचं: आपल्या शहरात, आपल्या वयाच्या आसपास, खरी वाटणारी किती माणसं दिसली? पुण्या-मुंबईत जे अ‍ॅप चालतं ते नाशकात चालेलच असं नाही. "सर्वांत चांगलं अ‍ॅप" असं काही नसतं, आपल्या गावातली माणसं ज्यावर आहेत ते.

कमलताई_जोडणी
गुरुवार, रात्री १०:१५

मंडळवाल्या बायकांना इथे बोल लागलेले वाचले. मी गेली २६ वर्षे मंडळ चालवते, घरच्या ओसरीवर. "फ्लॅट कुणाच्या नावावर" हे मी विचारत नाही, मुलीचे वडील विचारायला लावतात, आणि चार वेळा न विचारल्याबद्दल शिव्याही खाल्ल्या आहेत.

बाळा, मोठ्या विवाह संकेतस्थळांचेही तुला सांगून ठेवते, कारण कंटाळून तू तिकडे वळशील. नाव नोंदवणे फुकट असते. मग "रिलेशनशिप मॅनेजर" म्हणून गोड आवाजाची मुलगी फोन करते. सर, तुमच्यासाठी तीन उत्तम स्थळे आहेत, सूट आजच संध्याकाळपर्यंत. माझ्या एका उमेदवाराच्या आईने पेन्शनमधून २२ हजार भरले. तीन स्थळांतली दोन ठरलेली होती आणि तिसऱ्या मुलीने आपले नाव कधीच काढून घेतलेले होते. एवढेच विचारावे: पैसे कशाचे? फोन नंबरांचे, की कोणी खरोखर मध्ये पडून बोलणार आहे त्याचे? नंबरांचे असतील तर किती नंबर, आणि बंद नंबर निघाला तर बदलून देणार का? हे मेलवर लिहून घ्यावे. लिहून द्यायला नकार आला की फोन ठेवावा.

माझी फी नोंदणीला दीड हजार, वर्षासाठी. लग्न ठरल्यावर लोक आपणहून साडी देतात. ती छुपी नाही, कपाटात आहे.

अटकमटक
गुरुवार, रात्री १०:२२

कमलताई, तुमच्या शेवटच्या वाक्याला साष्टांग.

तर्कटराव
गुरुवार, रात्री १०:४०

एक शंका. एवढं सगळं करण्यापेक्षा "व्हेरिफाइड" वाल्यांशीच बोलावं ना? निळी खूण असते की.

चिंचपेटी
गुरुवार, रात्री ११:०५

निळी खूण म्हणजे बहुतेकदा त्या माणसाने सेल्फी काढला आणि तो त्याच्याच फोटोंशी जुळला. इतकंच. नाव खरं आहे, नोकरी खरी आहे, घरी बायको नाही, यातलं काहीही ती खूण सांगत नाही. मला निळ्या खुणेचा एक गृहस्थ भेटला होता. फोटोतला चेहरा त्याचाच, शंभर टक्के. पण त्या फोटोच्या कडेला कापलेली जी बांगडी दिसत होती ती त्याच्या बायकोची.

माझे उपाय साधे आहेत. फोटो गूगल लेन्सवर टाकून बघणे. भेटायच्या आधी पाच मिनिटं व्हिडिओ कॉल. पहिले काही दिवस अ‍ॅपमध्येच बोलणे, कारण तिथे तक्रार करता येते. दुसऱ्याच मेसेजला "चल टेलिग्रामवर" म्हणणारा मला आवडूच शकत नाही. आणि गुंतवणूक, क्रिप्टो, "माझे काका ट्रेडिंग करतात" असा शब्द निघाला की गोड बोलणं कितीही आठवड्यांचं असो, ब्लॉक. तिथे लोकांचे ७९९ नाही, आयुष्यभराचे प्रॉव्हिडंट फंड गेलेत.

कांजूरमार्गे
शुक्रवार, सकाळी ८:३७

भेटण्याच्या जागेबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लोकलमधून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझ्या मावसभावाची गोष्ट. अ‍ॅपवर ओळख झाली, दुसऱ्याच दिवशी भेटू म्हणाली. जागा तिनेच सुचवली, पश्चिम उपनगरातला एक पब. नाव लिहीत नाही. गेल्या गेल्या तिने ऑर्डर दिली, मेनूकार्ड टेबलावर आलंच नाही. चाळीस मिनिटांत तिला घरून फोन आला, ती निघाली. मागून बिल आलं २७ हजारांचं आणि बिलाच्या मागे दोन दंड फुगवलेले इसम. भावाने क्रेडिट कार्ड घासलं. मुलीचं खातं रात्रीपर्यंत गायब.

२०२४ मध्ये मुंबईत, दिल्लीत असे प्रकार पेपरात आले होते. तेव्हा वाचून आम्ही हसलो होतो, तोही हसला होता. मुलगी, जागा आणि बिल ही तिन्ही एकाच टोळीची असतात. तेव्हा जागा आपण सुचवायची. समोरच्याने हट्टाने ठराविकच जागा धरली तर पोट दुखतंय म्हणायचं. आता दादर आलं, उतरतो.

गोदाकाठचा_भाऊ
शुक्रवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. तक्रारीचा मेल आजच गेला. त्यात रडगाणं नाही, खातेवहीसाहेब, तारखा आणि रकमाच. मात्र शेवटी "कृपया लाज बाळगा" असं लिहिलं होतं, ते पुन्हा वाचताना काढलं.

आता दोन अ‍ॅप फुकटात ठेवलीत, हिंज आणि बंबल. हिंज आणि टिंडर एकाच मालकाचे, मॅच ग्रुपचे, हे आज कळलं. म्हणजे दुकान एक आणि पाट्या दोन. बंबलवर सुरुवात बाईनेच करायची हा त्यांचा मूळ नियम होता, ती कल्पना मला बरी वाटली, माझ्या डोक्याचा ताप कमी. ऑटोपेसाठी वेगळं खातं काढलंय, त्यात पाचशे रुपये ठेवतो, जे काय जायचं ते त्यातूनच.

चिंचपेटी ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मोजायला बसतोय.

खातेवही
शुक्रवार, रात्री १०:१२

वेगळ्या खात्याची युक्ती चांगली. पण किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते तुमच्या बँकेत विचारून घ्या. नाहीतर अ‍ॅपवाला राहील बाजूला आणि दंड आम्हीच लावू.

संपादक_मंडळ
धागा निघाल्यापासून तेरा दिवसांनी, मंगळवार

धागाकर्त्यांच्या विनंतीवरून धागा वर आणत आहोत.

गोदाकाठचा_भाऊ
मंगळवार, रात्री ९:३३

मंडळी, बातमी दोन.

अधिकाऱ्याच्या मेलला ठरावीक साच्याचं उत्तर आलं, "आमच्या धोरणानुसार परतावा नाही". मग १९१५ ला फोन केला. हेल्पलाइनवाल्या बाई मराठीत बोलल्या, सगळं लिहून घेतलं. आठव्या दिवशी कंपनीकडून तीन महिन्यांचे २,३९७ परत आले. उरलेल्या दोन महिन्यांबद्दल "सद्भावना म्हणून" असं काहीतरी इंग्रजीत लिहिलंय, म्हणजे ते देणार नाहीत. आयोगात जावं का विचार करतोय. १,५९८ रुपयांसाठी चकरा माराव्यात का? आई म्हणते मारच.

दुसरी. मोजणी झाली. पहिल्या आठवड्यात एका अ‍ॅपवर नाशिकच्या आणि ३३ ते ४२ वयाच्या एकोणतीस जणी दिसल्या, दुसऱ्यावर अकरा. अकराचं बंद केलं, आधी खातं काढून मग अ‍ॅप, क्रमाने. एकोणतीसपैकी तिघींशी बोलणं झालं. एकीशी अजून चालू आहे. रविवारी सकाळी भेटलो. जागा मी सुचवली होती, ती म्हणाली तिथे गर्दी असते, आपण दुसरीकडे जाऊ. तेव्हा खरं सांगतो, कांजूरमार्गेंची आठवण होऊन घाम फुटला. पोट दुखतंय म्हणायच्या बेतात होतो.

मिसळीचं दुकान निघालं, गंगापूर रोडच्या बाजूला. दोन मिसळ, एक जादा पाव, दोन ताक, बिल २९०. ते तिने दिलं, मला पाकीट काढू दिलं नाही. माझ्याकडून गेले ते पार्किंगचे वीस.

उंटावरचा_शहाणा
मंगळवार, रात्री ९:३६

!!!!

चिंचपेटी
मंगळवार, रात्री ९:४१

भाऊ, पुढच्या वेळी बिल तुम्ही द्या, आणि ते आत्ताच सांगून ठेवा. बाकी काही विचारत नाही, कारण ती इथली सदस्य असू शकते. हे सगळं वाचत असेल तर, ताई, माणूस पासबुक भरून आणतो, बघा बुवा.

कमलताई_जोडणी
मंगळवार, रात्री ९:५८

घटस्फोट का झाला ते विचारलेन का रे तिने?

गोदाकाठचा_भाऊ
मंगळवार, रात्री १०:०३

विचारलं, कमलताई. दुसऱ्या ताकानंतर.

मोहाचं_फूल
मंगळवार, रात्री १०:१०

ते सोडा, भाऊ. काळ्या मसाल्याची होती का लाल तर्रीची, ते सांगा पहिले.

अटकमटक
मंगळवार, रात्री १०:११

आणि पापड देतात का वर? नाशकात पापड देतात असं ऐकून आहे.

तर्कटराव
मंगळवार, रात्री १०:१४

२९० ला दोन मिसळ, जादा पाव आणि ताक? कुठे ते? आमच्याकडे एकीचेच १६० घेतात. पत्ता टाका.